ओटा कोणाचा, हे आधी ठरवा

गेल्या वर्षीची गोष्ट. जानेवारीतली एकादशी, वार शनिवार. साबुदाण्याच्या खिचडीच्या ताटल्या बाजूला सारून आमच्या जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरला होता. नौपाड्यातून दादा-वहिनी आले होते, कल्याणहून वन्सं आणि त्यांचे यजमान. अशा बैठका नेहमी आमच्याकडेच भरतात, कारण ठाण्याला आणि कल्याणला डोंबिवली मधली पडते आणि रामनगरातलं आमचं घर स्टेशनपासून सात मिनिटांवर आहे. सहाही जण निवृत्त. सगळ्यांत धाकटी मी, बासष्ट वर्षांची.

दादाच्या हातात एका सहलीचं पत्रक होतं. तेरा दिवस, सात देश. मी छत्तीस वर्षं मध्य रेल्वेच्या लेखा विभागात काढली आहेत. कागद हातात आला की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. शहराशहरांतली अंतरं मांडली, तर नुसतं बसमध्ये बसून जाणारे तास चाळीसच्या वर निघाले. म्हणजे डोंबिवली-सीएसएमटी अशी सतरा दिवसांची ये-जा. मी म्हटलं, मग निवृत्त कशाला झालो?

माझा प्रस्ताव असा होता: एकच शहर, एकच घर, आठ दिवस. घराला स्वयंपाकघर हवं. सकाळी बाजारात जायचं, भाजी आणायची, आपलं आपण करून खायचं, दुपारी ट्रामने फिरायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दादाने तर पत्रकाची घडीसुद्धा घातली. वहिनी मात्र गप्प होती. मग ती शांतपणे म्हणाली, “आम्ही २०११ साली टूरने गेलो होतो. काय काय पाहिलं ते आता धड आठवत नाही. पण पंधरा दिवस मला कोणी ‘आज काय करायचं?’ असं विचारलं नव्हतं. ते आठवतं.”

बैठक तिथेच अडली. खरं तर प्रस्ताव मांडणारी मी, तेव्हा सर्वांत जास्त अडले ती मीच.

स्वयंपाकाची सोय असलेलं घर घेऊन सुटी घालवायची, ही गोष्ट हल्ली नवी म्हणून सांगितली जाते. आपल्याला ती नवी नाही. आपल्याकडे तिला बिऱ्हाड करणं म्हणतात. माथेरानला, पाचगणीला, देवळालीला खोल्या घेऊन मे महिना काढणारी कुटुंबं आमच्या पिढीने पाहिली आहेत. १९७४ च्या मे महिन्यात आम्ही असेच माथेरानला गेलो होतो. कल्याणहून नेरळ, नेरळहून ती १९०७ पासून चालणारी छोटी गाडी. सोबत दोन वळकट्या, एक ट्रंक, वातीचा नव्हे तर पंपाचा स्टोव्ह, रॉकेलचा डबा, भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी. लाल माती, घोडे, खिडकीतून हात घालून पोळी पळवणारी माकडं, सगळं मला लख्ख आठवतं. आईने इको पॉइंट पाहिला की नाही, ते मात्र आठवत नाही. स्टोव्हला पिन मारताना ओणवी झालेली ती आठवते. माथेरान कसं वाटलं, हे तिला कोणी विचारल्याचंही आठवत नाही.

आल्प्सच्या पायथ्याशी बसून वरणभात खाणाऱ्या मराठी पर्यटकांची आपल्याकडे बरीच चेष्टा होते. मीही केली आहे. युरोपात जाऊन पिठलं कशाला, तिथलं खा की, वगैरे. १९८४ साली केसरी पाटलांनी केसरी टूर्स सुरू केली, २०१३ मध्ये वीणा पाटलांनी वीणा वर्ल्ड काढली. या आणि अशा कंपन्यांनी डोंबिवलीसारख्या गावांतल्या मध्यमवर्गाला परदेशात नेलं, ते जेवणाची काळजी स्वतःच्या अंगावर घेऊन. वहिनीच्या त्या वाक्यानंतर मला कळलं, की तो वरणभात चवीसाठी नव्हताच मुळी. तो दुसऱ्याने केलेला होता, हे त्याचं मोल होतं. त्याला हसणाऱ्यांत उभ्या जन्मात रोजचा कुकर न लावलेले लोक फार असतात.

म्हणून माझं म्हणणं सांगते. युरोपात कुठे जावं, हा दुसरा प्रश्न. स्वयंपाकघर असलेलं घर घ्यायचं असेल, तर ओट्यापाशी कोणत्या दिवशी कोण उभं राहणार, हा पहिला. तो सुटत नसेल तर खुशाल टूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आम्ही तो त्याच बैठकीत सोडवला. भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, मे महिन्याचं पान उघडलं. ज्या चौकोनांत एरवी दूधवाल्याचे खाडे मांडतो, त्यांत नावं लिहिली. रोज दोघं, पण नवरा-बायकोची जोडी एका दिवशी नाही. ही अट वन्संची. त्यांचा अनुभव असा, की जोडी एकत्र असली की नवरा कांदा चिरून देतो आणि दिवसभर त्या कांद्याबद्दल बोलत राहतो.

मग शहर. डोंबिवलीकराला घर पाहायची जी सवय असते, तीच आम्ही परदेशात वापरली. स्टेशनपासून चालत किती मिनिटं? बाजार किती लांब? लिफ्ट आहे का? पाण्याचं काय? या चाळणीतून पॅरिस निसटलं, स्वित्झर्लंडमधली गावं भाड्यापायी निसटली आणि व्हिएन्ना उरलं. त्याच्या पाण्याची गोष्ट मी मुद्दाम वाचून दाखवली होती. आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून जलवाहिनीने, निव्वळ उतारावर वाहत या शहरात येतं. १९१० मध्ये दुसरी वाहिनी झाली. नळाला तोंड लावून प्यावं असं पाणी. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला यापुढे राजवाड्यांचं कौतुक वेगळं सांगावं लागत नाही.

एकच देश ठरवल्याचा एक फायदा व्हिसाच्या वेळी कळला. शेंगेन व्हिसाचा अर्ज, जिथे मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे करायचा असतो. सात देशांत दोन-दोन रात्री असल्या की मुख्य देश कोणता, यावरच खल सुरू होतो. आम्हाला तो प्रश्न आला नाही. माणशी शुल्क ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. सुटीच्या हंगामात तारखा भराभर संपतात, तेव्हा नकाशावर फार दिवस रेंगाळू नका.

लिफ्टबद्दल एक सूचना. व्हिएन्नातल्या जुन्या इमारतींत मजले मोजण्याची तऱ्हा न्यारी आहे. तळमजला, मग ‘होखपार्टेर’ नावाचा अर्धा मजला, मग ‘मेझ्झानीन’, आणि त्यानंतर कुठे पहिला मजला सुरू होतो. कागदावरचा तिसरा मजला गुडघ्यांना पाचवा पडतो. आम्ही घरमालकाला आधीच विचारून घेतलं, दारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती. उत्तर आलं, अकरा. वन्संनी ते मंजूर केलं.

सामान भरताना खरी रडारड झाली. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ खासगी सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खव्याच्या पोळ्या नाहीत. ताज्या फळांना आणि भाज्यांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. नारळ चालतो, आंबा चालत नाही. ऐन मे महिन्यात हापूसची पेटी शेजाऱ्यांच्या हवाली करून आम्ही निघालो. गोडा मसाला, हिंग, भाजणी, डाळी नेल्या. आणि कुकर नेला, पाच लिटरचा, अॅल्युमिनियमचा.

हा कुकर ही माझी चूक, इतर कोणाची नाही. घराच्या माहितीत ‘इंडक्शन’ लिहिलेलं मी वाचलं होतं. इंडक्शनवर अॅल्युमिनियम तापत नाही, त्याला लोखंडी किंवा चुंबक चिकटेल असं बूड लागतं, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात असून त्यांची गाठ पडली नाही. आठ दिवस तो कुकर फळं ठेवायला वापरला. दुसरी चूक दिवसाची. आम्ही शनिवारी संध्याकाळी सातला पोहोचलो. ऑस्ट्रियात दुकानं शनिवारी सहाला बंद होतात, रविवारी उघडतच नाहीत. घरात दूध नाही, पाव नाही. रविवारी मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं मात्र उघडी असतात, म्हणून सकाळी वहिनी आणि मी मुख्य स्टेशनवर गेलो. तिथल्या सुपरमार्केटमध्ये अख्खं शहर लोटलेलं. ढकलाढकल, रांग, एका हातात दूध आणि दुसरा हात वर. वहिनी म्हणाली, “अगदी ठाण्याच्या दोन नंबर प्लॅटफॉर्मवर आल्यासारखं वाटतंय.”

तुम्ही जाल तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी पोहोचा. बाकी सगळं सावरता येतं.

आमचं घर ओट्टाक्रिंग भागात होतं, ब्रुन्नेनमार्क्टच्या जवळ. हा रस्त्यावर लांबच लांब भरणारा बाजार, रविवार सोडून रोजचा. दुकानदारांत तुर्की मंडळी पुष्कळ. मसूर डाळ, जांभळी वांगी, हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीची हाताएवढी जुडी मिळते. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर चाळीस वर्षं भाजी घेतलेल्या वहिनीला भाषेची अडचण आली नाही. तिने मिरची मोडून वास घेतला, मान हलवली आणि शेजारच्या गाड्यावर गेली. दुकानदाराने हाक मारून परत बोलावलं. पुढचं सगळं बोटांवर.

दुधाच्या कपाटात ‘टोपफेन’ नावाचा एक पदार्थ सापडला. पांढरा, घट्ट, किंचित आंबट. चमच्याने चाखला आणि वन्संनी जाहीर केलं, हा चक्का आहे. साखर, वेलदोडा घालून त्याचं श्रीखंड केलं. केलं आमच्या ह्यांनी, कारण तो त्यांचा दिवस होता. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी केलेला हा पहिला गोड पदार्थ. साखर जरा जास्त झाली होती. कोणी बोललं नाही.

पहिले दोन दिवस कालनिर्णयाप्रमाणे चाललं. दादाने मसुराच्या आमटीला फोडणी दिली, तेव्हा तेलातून धूर निघाला, छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागला आणि समोरच्या आजीबाई दारात आल्या. दादा हातात झारा घेऊन उभा. त्यांनी काय म्हटलं ते आम्हाला कळलं नाही, पण आत येऊन त्यांनी खिडकी कशी उघडायची ते दाखवलं आणि गेल्या. तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. वेळेच्या फरकामुळे वन्संना पहाटे चारलाच जाग येई. आम्ही उठून पाहतो तर सहा जणांचे पोहे तयार. “असू दे गं, झोपच येत नव्हती.” चौथ्या दिवशी मीच ओटा पुन्हा पुसत बसले, दादाने पुसला होता तरी. आपण बायका तक्रार करतो आणि ओटा सोडतही नाही, हे मी तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी नियम केला: आपली पाळी नसताना जो स्वयंपाकघरात शिरेल, त्याने बरणीत एक युरो टाकायचा. आठ दिवसांत एकोणीस युरो जमले. त्यांतले सतरा आम्हा तिघींचे.

मला विचाराल तर या प्रवासातला सर्वांत सुंदर दिवस सेमरिंगचा. व्हिएन्नाहून दक्षिणेला रेल्वेने सव्वा तासावर हा घाट आहे. ग्लॉग्निट्स ते म्युर्त्सत्सुश्लाग, ४१ किलोमीटर, १४ बोगदे, १६ मोठे दगडी पूल. कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने तो आखला तेव्हा एवढा चढ चढेल असं इंजिनच नव्हतं. बांधकाम १८४८ मध्ये सुरू झालं आणि इंजिनांची स्पर्धा १८५१ मध्ये भरवली गेली. आधी वाट, मग गाडी. रेल्वे सुरू झाली जुलै १८५४ मध्ये. हे साल वाचून वन्संचे यजमान एकदम खुश झाले. ठाण्यापर्यंत पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, आणि कल्याणला पोहोचली १ मे १८५४ ला. “म्हणजे आमचं कल्याण यांच्या अडीच महिने आधी,” असं ते प्रत्येक पुलावर म्हणत होते. आपला बोरघाट १८६३ चा. त्यात हजारो मजूर दगावले. सेमरिंगला १९९८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, तिथे रुळांच्या कडेने पाऊलवाट आहे, पाट्या आहेत, बसायला बाकं आहेत. आमच्या बोरघाटाकडे आम्ही लोणावळ्याची चिक्की खात खिडकीतून पाहतो.

असा दिवस टूरच्या वेळापत्रकात बसत नाही. दोन मजली कमानींच्या पुलासमोरच्या बाकावर आम्ही तासभर बसलो, चटणी-लोण्याचे सँडविच खाल्ले (दादा आणि आमच्या ह्यांची पाळी) आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजल्या. छत्तीस वर्षं रेल्वेचे आकडे लिहिले, रेल्वे अशी निवांत बघायची राहूनच गेली होती.

घर घेण्याबद्दल एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. पर्यटकांना दिलेली घरं म्हणजे तिथल्या माणसांना न मिळालेली घरं, ही तक्रार युरोपात आता मोठी झाली आहे. बार्सिलोनाने २०२८ अखेरपर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने बंद करायचं ठरवलं आहे. व्हिएन्नात १ जुलै २०२४ पासून वर्षात ९० दिवसांहून जास्त घर असं भाड्याने द्यायचं तर वेगळी परवानगी लागते. मला या तक्रारीत तथ्य वाटतं. आमच्या सोसायटीत साधा भाडेकरू ठेवायचा तरी चार कागद मागतो आम्ही. दर चार दिवसांनी नवी कुटुंबं चाकांच्या बॅगा खडखडवत जिना चढू लागली, तर सर्वसाधारण सभेत काय होईल, याची कल्पना कोणीही डोंबिवलीकर करू शकतो. तेव्हा परवाना असलेलंच घर घ्या. रात्री दहानंतर आवाज नको. काचेच्या बाटल्या टाकताना पांढरी काच एका पेटीत, रंगीत दुसरीत. प्लास्टिकच्या बाटलीवर २०२५ पासून २५ सेंटची अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते. बाटल्या गोळा करून परत करायचं काम दादाने स्वतःहून घेतलं. त्याची पाळी लावावी लागली नाही.

हिशेब विचारला जाईल, म्हणून देते. आठ दिवसांचा किराणा, भाजी आणि दूध, सहा जणांचं मिळून २८७ युरो. बाहेर तीनदा जेवलो, त्याचे २६८. म्हणजे पैसे वाचतात यात शंका नाही. पण घरी केलेल्या प्रत्येक जेवणाला कोणाचे तरी दोन तास लागले, आणि ते माझ्या वहीत कुठल्याच रकान्यात नाहीत. लेखा विभागातली असून मला तो रकाना आखायला बासष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

हा लेख वाचून ज्यांना आता निघायचंय त्यांना एवढंच सांगते, की व्हिसाचा अर्ज भरायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि नावं लिहा. पेनाने, पेन्सिलीने नको. गुहागरला किंवा दिवेआगरला आठ दिवस घर घेणार असाल तरीही.

परत आल्यापासून दादा रविवारची आमटी करतो. वहिनी सांगते, फोडणी अजून जळते. आमच्या ह्यांनी श्रीखंडानंतर पुन्हा काही केलेलं नाही. आणि वन्संनी यंदा फक्त बायकांच्या एका टूरचं बुकिंग केलं आहे, दहा दिवसांचं. कल्याणच्या घरी त्या दहा दिवसांचे चौकोन अजून कोरे आहेत.